राक्षस बरा होता

खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला आधी जिना उतरायला लावला, तोही डोळे मिटून. मी सोलापूरकडून नुकतीच आले होते. बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या एका लहानशा शाळेत बालवर्गाची बाई म्हणून रुजू व्हायचं होतं, आणि राहायची सोय झाल्याशिवाय आईला फोन करायची हिंमत होत नव्हती. तेव्हा म्हटलं, उतरू. भिंतीला हात लावत लावत उतरले. खाली ते उभे होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"पायऱ्या."

मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी मला परत वर पाठवलं. दुसऱ्या खेपेला मी चौदा सांगितल्या.

"तेरा. शेवटची पायरी नाही, ओटा आहे," ते म्हणाले. "समजा, घरात धूर झाला. धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. पायांना आकडा पाठ असला की माणूस बाहेर येतं." मग स्वयंपाकघराकडे वळून काकूंना म्हणाले, "खोली दिली."

ते मूळचे जळगावकडचे. तरुणपणी नोकरीसाठी बोईसरला आले, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात लागले आणि तिथेच सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कारखाना सुटला, पण काम सुटलं नाही. सकाळी उठल्यावर देवाआधी ते गच्चीवर जात. तिथे काठीला काकूंची एक जुनी ओढणी बांधलेली होती. ती कुठल्या दिशेला उडतेय ते बघून खाली येत आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मला सांगत, "आज वारा दर्याकडून आहे. कपडे वर वाळत घाला." वारा उलटा, कारखान्यांकडून असला तर, "आज खिडकी नको," एवढंच.

त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य 'समजा'ने सुरू होई. समजा, पाय घसरला. समजा, लाइट गेली. समजा, कुकरची शिट्टी झालीच नाही. गल्लीतली मुलं त्यांना समजाकाका म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. कारखान्यात जे अपघात होता होता राहतात त्यांची नोंद ठेवायची पद्धत असते, ती त्यांनी घरीही चालू ठेवली होती. वहीवर लिहिलेलं होतं, 'थोडक्यात टळलं'. आत काय असेल म्हणून मी एकदा बघितलं. 'दूध उतू जाता जाता राहिलं. कारण: सौ. फोनवर.' त्याच्या खाली, 'दूध पुन्हा. कारण: तेच.' काकू म्हणाल्या, "माझं चरित्र लिहितायत. लिहू दे."

कुठेही गेले तरी ते दाराजवळ बसत. माकुणसारला एका ओळखीच्यांचं लग्न होतं, तिथे आम्ही तिघं गेलो होतो. मांडवाच्या मागच्या वाटेवर खुर्च्यांची थप्पी लावून ठेवलेली त्यांनी बघितली आणि पंगत सोडून ते एकेक खुर्ची उचलून बाजूला ठेवायला लागले. नवरीच्या मामांना वाटलं, हा मांडववाल्याचाच माणूस. "वीस खुर्च्या पुढे आणा हो," ते म्हणाले. यांनी वीस खुर्च्या पुढे नेऊन मांडल्या. वाट मोकळी झाल्यावर हात धुतले आणि दुसऱ्या पंगतीला बसले. येताना रिक्षात काकू म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला मी एकटी जाईन." तेही 'बरं' म्हणाले. पुढच्या लग्नाला दोघंही गेले.

अशा माणसाचा आणि लहान मुलांच्या सिनेमाचा संबंध आला तो माझ्यामुळे.

आमच्या शाळेत महिन्यातून एका शनिवारी सकाळी मुलांना सिनेमा दाखवत. सभागृह म्हणजे एक लांबट खोली, त्यात सतरंज्या, एक पांढरी भिंत आणि कुणीतरी देणगी दिलेला प्रोजेक्टर. आधीच्या महिन्यातला सिनेमा बघून एक मुलगा आठवडाभर रोज अंथरूण ओलं करायला लागला आणि त्याची आई तक्रार घेऊन आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे दिलं. "तुम्ही नवीन शिकून आलायत, तुम्हीच ठरवा," असं म्हणाल्या. मुलांना पाहिजे होता तो एका राक्षसाचा कार्टून सिनेमा, हिंदीत आलेला. निम्म्या मुलांच्या दप्तरावर त्या राक्षसाचं चित्र होतं. निम्म्या पालकांचं म्हणणं, राक्षसबिक्षस मुळीच नको.

हे मी घरी येऊन काकूंना सांगत होते. काका पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "तपासलाय का?"

"काय?"

"सिनेमा. माणसं आत सोडण्याआधी तपासतात ना?"

त्या संध्याकाळी ते पाट घेऊन माझ्या खोलीत आले. मी खुर्ची दिली तर नको म्हणाले. "पाच वर्षांच्या पोराला पडदा खालून दिसतो. मी खुर्चीवरून बघून काय कळणार?" गुडघे दुखत असताना ते पाटावर, लॅपटॉप टेबलावर, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून सगळा सिनेमा त्यांनी बघितला. दुसऱ्या दिवशी परत आले. ह्या वेळी लॅपटॉपकडे पाठ केली आणि नुसता ऐकला. ऐकताना मांडीवरच्या कागदावर एकेक आवाज लिहीत होते. गडगडाट. दात खाणं. कुत्रा. बाळाचं रडणं, दोनदा. तिसऱ्या दिवशी नीट, सगळ्यांसारखा बघितला. मध्ये मध्ये मनगटावरच्या घड्याळात बघत. अंधार किती वेळ राहतो ते मोजत होते.

सिनेमाची गोष्ट साधी होती. डोंगराच्या पोटात एक केसाळ राक्षस झोपलेला असतो. गावातली मुलं त्याला चुकून जागा करतात. गाव घाबरतं, मोठी माणसं त्याला हाकलायला निघतात, आणि शेवटी पूर आल्यावर तोच राक्षस बांधाच्या जागी आडवा पडून गाव वाचवतो.

"ह्याला नाव कधी मिळतं ते बघितलंत का?" काकांनी मला विचारलं.

"राक्षसाला?"

"हो. विसाव्या मिनिटाला ती मुलगी त्याला नाव देते. ते चांगलं आहे. आमच्याकडे एखाद्या टाकीवर नाव लिहिलेलं नसलं की नवीन कामगार तिच्या बाजूने जायला बघत नसे. नाव लिहिलं, मग ते कितीही वाईट असो, माणूस हिशोबाने वागायला लागतो."

त्यांना राक्षसाचा आकार, नखं, दात ह्यात फारसा रस नव्हता. मी पर्याय म्हणून बदकाच्या पिल्लांचा एक गोड सिनेमा आणला होता, तो त्यांनी साफ नाकारला. त्यात पहिल्या दहा मिनिटांत बदकीण तळ्यावरून परतच येत नाही आणि पुढे पिल्लं नाचायला लागतात. "आईचं काय झालं ते कुणी विचारतच नाही," ते म्हणाले. "पोरं घरी जाऊन विचारतील. रात्री विचारतील." राक्षसाच्या सिनेमाला मात्र त्यांनी परवानगी दिली. खरोखरच एका कागदावर लिहून दिली, कारखान्यात धोक्याचं काम करण्याआधी देतात तशी. खाली अटी. पाच वर्षांच्या आतली मुलं नकोत. दिवे निम्मे चालू. पुढच्या रांगेत मुलांमध्ये एक मोठं माणूस बसलेलं हवं. दोन्ही दारं पूर्ण उघडी, ज्याला नको वाटेल त्याला उठून जाता आलं पाहिजे. आत येताना मोजणी, बाहेर जाताना मोजणी. खाली सही आणि तारीख. मोठ्या बाईंनी तो कागद वाचून चष्मा काढला. "हे गृहस्थ कोण?" मी म्हटलं, "माझे घरमालक." त्या म्हणाल्या, "त्यांनाच बोलवा मग."

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका दाराशी स्वतः खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दाराशी शाळेच्या मावशींना बसवलं. मुलं रांगेने आत येताना त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर बोट नेऊन मोजलं. एक्केचाळीस. मी पुढच्या रांगेत मुलांमध्ये बसले.

सिनेमा उत्तम चालला. राक्षस जागा झाला तेव्हा दोघंतिघं माझ्या मांडीवर आली आणि पाच मिनिटांत उतरलीही. तो शिंकला तेव्हा सगळी खोली हसली. गावातली माणसं मनोऱ्यावर चढून भोंगा वाजवतात आणि आयाबाप मुलांना घरात ठेवून डोंगराकडे पळतात, तो प्रसंगही झाला. कुणी रडलं नाही. मी मागे वळून काकांकडे बघितलं. ते मान हलवत होते, सगळं ठीक चाललंय अशा अर्थाने.

बाहेर जाताना मोजणी चाळीस भरली.

त्यांनी पुन्हा मोजली. मग मला हळू आवाजात म्हणाले, "एक कमी आहे. कोण ते बघा. आवाज वाढवू नका."

मी हजेरी घेतली. ओवी नव्हती. मोठ्या शिशूतली, साडेपाच वर्षांची, फार न बोलणारी मुलगी. संडास बघितले, वर्ग बघितले, पाण्याच्या टाकीमागे बघितलं. मावशी मध्येच एका मुलाला शू करायला घेऊन गेल्या होत्या. त्यांचं दार तेवढा वेळ मोकळं होतं, आणि शाळेचं फाटक दूधवाल्याने लोटून घेतलं होतं, कडी घातली नव्हती. फाटकाबाहेर रस्ता, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर टँकर जातात.

काका मुलांकडे गेले. उकिडवे बसले आणि विचारलं, "ओवीच्या शेजारी कोण बसलं होतं?" एका मुलीने हात वर केला. "ओवी काही म्हणाली का तुला?"

"ती म्हणाली, भोंगा झालाय. पप्पांना आणते."

काका मग उठले. "वडील कुठं आहेत कामाला?"

ते मला माहीत होतं. पाऊण किलोमीटरवर, वसाहतीच्या पहिल्याच रस्त्यावर. चार महिन्यांपूर्वी त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. कुंभवलीतल्या खिडक्यांची तावदानं हलली, भोंगा वर-खाली होत बराच वेळ वाजत राहिला. ओवीचे वडील शेजारच्याच कारखान्यात होते. त्यांचा डावा हात भाजला आणि ते दोन दिवस घरी आले नाहीत. हे आम्हाला शाळेत नंतर कळलं होतं. कळलं होतं आणि आम्ही विसरलो होतो.

माझ्याकडे स्कूटी होती आणि एकच हेल्मेट. हेल्मेटशिवाय दुचाकीवर बसलेला माणूस दिसला की काका रस्त्यात थांबवून त्याला "भाई, टोपी किधर है?" विचारत. त्या दिवशी मी हेल्मेट त्यांच्याकडे करायला गेले तर त्यांनी ते माझ्याच डोक्यावर ठेवलं आणि मागे बसले. "हळू चालवा," म्हणाले, "आणि डाव्या कडेला बघत चला."

कडेला ती कुठे दिसली नाही. दिसली ती कारखान्याच्या फाटकाशी, वॉचमनच्या केबिनमध्ये, उंच स्टुलावर. पाय लोंबकळत होते. हातात बिस्किटाचा पुडा होता, न फोडलेला.

"बच्ची अकेली आयी," वॉचमन म्हणाला. "बोलती है, पापा को बाहर निकालो. मैंने बोला, अंदर सब ठीक है. मानती ही नहीं."

मला तिला उचलून घ्यायचं होतं आणि तिच्यावर ओरडायचंही होतं. दोन्ही एकदम होईना म्हणून मी नुसती उभी राहिले. काका मात्र स्टुलासमोर, केबिनच्या जमिनीवर मांडी घालून बसले. पांढऱ्या पँटसकट. त्यांनी तिला कशी आलीस, का आलीस, असं काही विचारलं नाही.

"पप्पांचं नाव काय?"

तिने सांगितलं.

"बोलावलंय त्यांना. येतील आता."

दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ दोघं फाटकाकडे बघत होते. मग वडील आले, गमबूट, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, चेहरा पार उतरलेला. ओवी स्टुलावरून उतरली. त्यांना मिठीबिठी काही मारली नाही. त्यांचा उजवा हात धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग डावा. डाव्या हातावरची नवीन गुळगुळीत कातडी तिने बोटाने दाबून बघितली. तिचं समाधान झाल्यावर तिने बिस्किटाचा पुडा वडिलांकडे दिला, "फोडून द्या."

घरी आल्यावर काकांनी त्यांचा कागद काढला. सिनेमाकडे पाठ करून आवाज लिहिलेला तो कागद. मला दाखवला. गडगडाट होता, दात होते, कुत्रा होता, बाळ दोनदा रडलं होतं ते होतं. भोंगा नव्हता.

"तुम्हीही ऐकला ना तेव्हा?" त्यांनी मला विचारलं.

मी ऐकला होता. पण आवाज तपासायचं काम त्यांचं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

"बत्तीस वर्षं रोज ऐकला," ते म्हणाले. "कानात शिरतच नाही आता." त्यांनी ती जाड वही उघडली. पेन उघडून लिहायला लागले. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

सोमवारी पालकांची सभा झाली. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या त्याआधीच काका उठले आणि म्हणाले, दारं उघडी ठेवा हे मी सांगितलं, फाटकाची कडी मी बघितली नाही आणि भोंगा माझ्या कानातून सुटला. शाळेची चूक नाही, माझी आहे. कुणीतरी म्हणालं, तुम्ही कोण लागता शाळेचे? ते म्हणाले, "कुणीच नाही." सिनेमे बंद करायचं ठरलं. ओवीचे आईवडील सभेला नव्हते. आई तिला घेऊन माहेरी, दर्याकडे आलेवाडीला गेली होती.

आठवडाभराने काका म्हणाले, "सुट्टी आहे ना उद्या? आलेवाडीला जाऊन येऊ."

ओवीची आजी मासेविक्री करते. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली बसली होती. काका आयुष्यभराचे शाकाहारी. त्या वासाने त्यांचा चेहरा जरा ओढला गेला, पण रुमाल काही त्यांनी काढला नाही.

"तुमीच का ते भूत दाखवनारे?" आजीने विचारलं.

"मीच," काका म्हणाले.

"बसा. पानी देते." तिने पाणी दिलं. मग बसली. "आमच्या पोरीला कसलं भ्या नाय. दर्यात माझ्याबरोबर होडीवर येते. पन बापाचं नाव काडलं की रातभर डोला लागत नाय तिचा. तुमी कशाला तिला भोंगा ऐकवला?"

"चूक झाली."

"चूक झाली तर झाली. आता काय?"

"तिलाच विचारायला आलोय," काका म्हणाले.

ओवी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिचे वडीलही त्या दिवशी तिथेच होते, सुट्टीवर. काका तिच्याशी बोलायला लागले ते एखाद्या बरोबरीच्या अधिकाऱ्याशी बोलावं तसं.

"ओवी, तो सिनेमा तू बघितलास. मीही बघितला. राक्षस कसा होता?"

"बरा होता."

"दात होते त्याला."

"दात सगळ्यांना असतात."

"मग वाईट काय होतं?"

"भोंगा." मग म्हणाली, "भोंगा झाल्यावर पप्पा येतच नाय. आई बोलली, कामाला गेलेत. पप्पा बोलले, पडलो."

काकांनी तिच्या वडिलांकडे बघितलं. मग आईकडे. "तिला सांगितलंच नाहीत का काय झालं ते?"

"एवढ्या पोरीला काय सांगायचं, साहेब," वडील म्हणाले. "घाबरंल ती."

"ती तिकडे एकटी चालत गेली," काका म्हणाले. "आणखी काय घाबरायचं राहिलंय?"

आजी उठली आणि बोंबलांची एक दोरी उगाच सारखी करून आली. मग ओवीच्या वडिलांनी मुलीला जवळ बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. अडखळत सांगत होते. मोठा आवाज झाला. काच फुटली. गरम पाणी हातावर उडालं. सगळे धावत फाटकाकडे गेलो. साहेबाने आमाला मोजलं. मग दवाखान्यात नेलं. दुखत होतं म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं, म्हणून फोन नाय करता आला. ओवी मधून मधून विचारत होती. काच कुठे पडली? दवाखान्यात जेवायला काय दिलं? भोंगा कोण बंद करतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वडिलांना येईना, ते काकांनी दिलं. भोंगा बंद करणाऱ्या माणसाची खोली कशी असते, तिथे बटण कुठे असतं, सगळं व्यवस्थित.

"म्हणजे मानूसच वाजवतो?" तिने विचारलं.

"माणूसच वाजवतो. सगळ्यांनी बाहेर यावं म्हणून वाजवतो. पप्पा त्यानेच बाहेर आले."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, भोंग्यानेच ते सगळं होतं. ती बराच वेळ वडिलांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली.

निघताना काकांनी तिला विचारलं, "मग तो सिनेमा लहान मुलांना दाखवायचा की नाही? तू सांगशील तसं."

तिने विचार केला. खरोखर विचार केला, खाली बसून वाळूत पायाचं बोट फिरवत. "दाखवा," म्हणाली. "पन आदी सांगा, आता भोंगा होनार हाय म्हनून. आनि खोटा हाय."

आजीने काकांच्या हातात वाळलेल्या बोंबलांची कागदात बांधलेली जुडी दिली. ते नको म्हणू शकले नाहीत. रिक्षात ती जुडी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसले होते. "काकूंना काय सांगणार?" मी विचारलं. "तुमची आहे म्हणून सांगतो," ते म्हणाले. मी ती दोन महिने खाल्ली.

मोठ्या बाईंना तयार करायला मला आणखी दीड महिना लागला. काही पालक शेवटपर्यंत तयार झाले नाहीत, त्यांची मुलं त्या शनिवारी आली नाहीत. जी आली ती तेहतीस होती. फाटकाला कडी होती आणि कडीशी ओवीचे वडील उभे होते, स्वतःहून रजा काढून आलेले. सुरू होण्याआधी ओवी भिंतीसमोर उभी राहिली. बोलायची सवय नसल्यामुळे सगळं एका दमात म्हणाली, "मधी भोंगा होईल तो खोटा हाय खऱ्या भोंग्याला बाहेर जायचं ह्या भोंग्याला बसायचं." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

भोंगा झाला तेव्हा कुणीच पडद्याकडे बघत नव्हतं. बाकीची बत्तीस मुलं ओवीकडे बघत होती. ती बसून राहिली, म्हणून मुलंही बसून राहिली.

मुलं घरी गेल्यावर मी आणि काका सतरंज्या झटकत होतो. मला कित्येक दिवस विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. त्या दिवशी फाटकाशी तुम्ही तिला एक शब्दही रागावला नाहीत, ते कसं जमलं? मला तर ओरडायचं होतं.

ते सतरंजीचं टोक धरून उभे राहिले.

"एकदा मोजणीत एक माणूस कमी आला होता," ते म्हणाले. "खूप वर्षं झाली. भोंगा झाला, सगळे बाहेर आले, मी मोजले, एक नाही. दोन तास शोधला. आत आग, आणि हा आत आहे असं धरून आमची दोन माणसं मास्क लावून पुन्हा आत गेली."

मी पुढचं ऐकायची तयारी केली.

"तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला होता. स्टेशनजवळ चहा पीत बसला होता. घाबरून. वीस-बावीस वर्षांचा असेल. आत गेलेली दोघं रिकाम्या हाताने बाहेर आली, आणि हा दोन तासांनी आपणहून परत आला." त्यांनी सतरंजीची एक सुरकुती ओढली. "मला इतका आनंद झाला होता, तुम्हाला काय सांगू. मी धावत गेलो त्याच्याकडे. आणि तोंडातून नुसत्या शिव्या बाहेर पडल्या. सगळ्यांच्या देखत. आईवरून, बापावरून. थांबताच येईना."

"मग?"

"तो दुसऱ्या दिवशी आला नाही. कधीच आला नाही. दोनदा माणूस पाठवला त्याच्या खोलीवर, खोली सोडून गेला होता."

"नाव आठवतं?"

"आठवतं ना."

त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव आणि तालुका सांगितला. मग सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही घडी घालायला लागलो.